डॉक्टर स्ट्रेंज २ : अभ्यास करून गेलेला मी आणि तशीच आलेली फुई

बोरीकाठ | ८ मे २०२२, रात्री ११:१०

मार्वलचा हा सुपरहीरोंचा पिक्चर शुक्रवारी लागला, आज रविवारी जळगावला जाऊन पाहून आलो. ज्यांना पाहायचाय त्यांनी इथूनच मागे फिरा. पुढे सगळं फोडलंय, नंतर शिव्या घालू नका.

आधी कोण कोण गेलो ते सांगतो, कारण पिक्चर कसा वाटला हे त्याच्यावरच आहे. मी, पुतण्या (आता नववीत जाईल) आणि आमची फुई. फुई म्हणजे आत्या, घाटावरच्या मंडळींसाठी. वय अडुसष्ट, सासर शिंदखेड्याकडे. दर आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) अमळनेरला माहेरी येते. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर लग्नापासून खाडा नाही. यंदा मंगळवारी आखाजी झाली, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस हाणून झाला आणि रविवारी सकाळीच लाइट गेली. पारा चव्वेचाळीसच्या वर. पुतण्या सहज म्हणाला, थेटरात एसी असतो. फुई चपला घालून दारात उभी! कोणता पिक्चर, कोणत्या भाषेत, काही विचारलं नाही.

माझी गोष्ट वेगळी. पुतण्याने आठवडाभर माझी शिकवणी घेतली होती. पहिला डॉक्टर स्ट्रेंज २०१६चा, तो पाहिलेला. एंडगेम पाहिलेला. डिसेंबरातला स्पायडरमॅन पाहिलेला, त्यात हाच स्ट्रेंज जादूचा घोळ घालतो. मला वाटलं झालं. तो म्हणे, नाही काका, वांडाव्हिजन राहिलं, वांडा नावाच्या जादूगारणीची मालिका. नऊ भाग. रोज जिनिंगमधून आलो की दोन भाग. मग लोकी, निदान शेवटचा भाग तरी. मग ती कार्टूनवाली मालिका, कारण त्यातली ढालवाली बाई इथे येणार. शेवटी शेवटी मी भिंतीला टेकून डुलक्या घेत होतो आणि तो मला कोपर मारून सांगत होता, हे महत्त्वाचं आहे. दहावीला एवढा अभ्यास केला असता तर आज दुसर्‍याच्या कापसाचे हिशेब लिहीत नसतो.

आता पिक्चर. हिंदीतून पाहिला, फुईमुळे. अमेरिका चावेझ नावाची एक पोरगी आहे. ती घाबरली की तिच्याकडून दुसर्‍या विश्वात जायची दारं उघडतात, चांदणीच्या आकाराची. तिच्या मागे राक्षस लागलेत. पहिला येतो तो एक डोळ्याचा अष्टपाद, न्यूयॉर्कच्या रस्त्यात बस बिस उचलतो. स्ट्रेंज तिला वाचवतो आणि मदत मागायला वांडाकडे जातो, ती झाडांच्या बागेत शांतपणे काम करत असते. दोन मिनिटं बोलणं होतं आणि वांडाच्या तोंडून त्या पोरीचं नाव निघतं, जे स्ट्रेंजने सांगितलेलंच नसतं. म्हणजे राक्षस पाठवणारी हीच. मला हा तुकडा फार आवडला. काही फुटत नाही, उडत नाही, नुसती एक चूक बोलून जाते आणि सगळं उघडं पडतं.

वांडाला काय हवंय? तिची दोन पोरं. ती पोरं तिनेच जादूने निर्माण केलेली, मालिकेच्या शेवटी नाहीशी झालेली. पण दुसर्‍या विश्वांमध्ये ती पोरं आहेत, त्यांची आई असलेली दुसरी वांडाही आहे. हिला या पोरीची शक्ती काढून घेऊन तिकडे जायचंय. शक्ती काढली की पोरगी मरणार.

इथे मी फुईकडे वळून मागची गोष्ट सांगायला तोंड उघडलं. नऊ भागांचा अभ्यास वाया कसा घालवायचा? तिने हाताने थांबवलं. म्हणाली, "तिले तिना आंडोर जोयजेत. बाकी काय?" (आंडोर म्हणजे मुलगे.)

बाकी काय, खरंच. मी गप्प बसलो.

मग पिक्चरची गाडी घसरते. स्ट्रेंज आणि पोरगी दुसर्‍या विश्वात पडतात, तिथे पिझ्झा गोळ्यांचा असतो आणि लाल दिव्याला गाड्या सुटतात. (लाल दिव्याला गाड्या सुटतात यात नवल वाटायला थेटर खान्देशाबाहेरचं हवं.) तिथे एक पंचायत बसलेली, इल्युमिनाटी. आणि एकेक पाहुणा येतो. पिवळ्या खुर्चीतून एक्स-मेनवाला प्रोफेसर एक्स आला तेव्हा मागच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. जॉन क्रॅसिन्स्की आला तेव्हा माझा पुतण्या खुर्चीवरून उठला. कितीतरी वर्षं लोक इंटरनेटवर म्हणत होते म्हणे, की रीड रिचर्ड्स याच नटाने करावा. केला. आणि पुढच्या दहा मिनिटांत वांडा येऊन सगळ्यांचा निकाल लावते. एकाचं डोकं आतल्या आत फुटतं, ढालवालीचे तिच्याच ढालीने दोन तुकडे, आणि तो रीड, जगातला सगळ्यात हुशार माणूस, त्याच्या अक्षरशः शेवया. कालच आमच्या घराच्या धाब्यावर फुई आणि आईने खाटेवर धोतर पसरून शेवया वाळत घातल्या होत्या. फुईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघांच्या मनात एकच आलं असणार.

पुतण्याचा चेहरा उतरला. मला मात्र तिथे हसू आलं. ट्रेलरमध्ये प्रोफेसरचा नुसता आवाज ऐकवून तीन महिने ज्यांच्यावर गर्दी जमवली, ते पाहुणे पंगतीत बसायच्या आत उठवले. हा दिग्दर्शक सॅम राइमीचा खोडसाळपणा असेल तर सलाम. पण मला शंका आहे. मला वाटतं त्यांना गर्दीही हवी होती आणि पाहुण्यांचं पुढे काय करायचं हे ठाऊकही नव्हतं.

राइमी जिथे राइमी आहे तिथे पिक्चर जिवंत आहे. वांडा आरशांतून, डबक्यांतल्या पाण्यातून येते. मोडक्या हातापायांनी, रक्ताने माखलेली, लंगडत मागे लागते. स्ट्रेंज शेवटी स्वतःच्याच मढ्यात शिरून उठतो, अर्धा गाल सडलेला, आणि भुतांची झूल करून पांघरतो. एका ठिकाणी दोन स्ट्रेंज कागदावरचे सूर उचलून एकमेकांना फेकून मारतात, बाख आणि बेटहोवेनने हाणामारी. असलं काही मी आजवर पाहिलं नव्हतं. ते सगळं मिळून पाच-सात मिनिटांचं असेल.

उरलेल्या वेळात स्ट्रेंजला जो तो विचारतो, तू सुखी आहेस का. लग्नात विचारतात, विश्व ओलांडून विचारतात. वरातीत भेटलेला लांबचा मामा जसा दर पाच मिनिटांनी विचारतो, काय मग, कसं चाललंय, तसं.

माझी खरी तक्रार पुढे आहे आणि ती मला फुईमुळे कळली. शेवटी वांडा त्या दुसर्‍या घरात पोचते. पोरं तिला पाहून किंचाळतात, हाताला येईल ते फेकून मारतात, आपल्या आईमागे लपतात. वांडा तिथेच खाली कोसळते. थेटरात चिडीचूप. फुई एवढंच म्हणाली, "तिनाच आंडोर, आन तिलेच भ्यायनात." मग ती दुसरी वांडा पुढे येते, हिच्या गालाला हात लावते आणि सांगते, पोरांना प्रेम मिळेल, जाणून ठेव. संपलं. तिथे पिक्चर संपला तरी चाललं असतं.

बाहेर आलो. उन्हात स्टँडपर्यंत चालताना फुईने विचारलं, "त्या पोरनी माय सापडनी का?"

मला क्षणभर कळेचना कोणाबद्दल बोलतेय. मग लक्षात आलं. अमेरिका चावेझ. लहानपणी तिच्या हातून पहिलं दार उघडलं आणि तिच्या दोन्ही आया त्यात ओढल्या गेल्या, असा एक तुकडा मध्ये येऊन जातो. म्हणजे बघा. एकीला पोरं सापडत नाहीत, एकीला आया सापडत नाहीत. दोघी दोन तास समोरासमोर आहेत. आणि पिक्चर त्यांना धड दोन वाक्यं एकमेकींशी बोलू देत नाही! पळापळीत आणि पाहुणचारात वेळ गेला. एवढा मोठा धागा हातात होता आणि त्याला गाठच मारली नाही. नऊ भाग पाहून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

थेटराबद्दल: थ्रीडीचा चष्मा माझ्या चष्म्यावर बसत नव्हता आणि पडदा इतका अंधारा की रात्रीचे प्रसंग रेडिओवर ऐकावेत तसे ऐकले. इंटरव्हल वाक्याच्या मधोमध. शेवटची नावं सुरू होताच दारं उघडली, दिवे लावले, झाडूवाले आत. आम्ही तिघं पायरीवर उभे राहून शेवटचा तुकडा पाहिला. त्यात पिझ्झावाला म्हणतो, संपलं. एवढ्यासाठी थांबलो होतो.

---

केळीचा घड | ८ मे, ११:३१

पहिला! वाचतो निवांत.

मिरची नंदुरबारी | ८ मे, ११:४४

फुई एक नंबर. तिनाकडथून परीक्षण लिखाडी ले भो पुढचं.

भुसावळ जंक्शन | ९ मे, सकाळी ७:५२

लेख खुसखुशीत आहे पण बोरीकाठभाऊ, अन्याय केलात. वांडाव्हिजनच्या शेवटच्या भागात, नावं संपल्यावर, ती डोंगरातल्या घरात बसून ते काळं पुस्तक वाचताना दाखवलीय आणि तिला पोरांच्या हाका ऐकू येतात. तिथूनच हा पिक्चर सुरू होतो. तुम्ही तो तुकडा पाहिला की डुलकीत गेला? ते पुस्तक वाचणार्‍याला नासवतं, म्हणून ती इतकी क्रूर झालीय. हे लक्षात घेतलं नाही तर "चांगली बाई अचानक वाईट कशी झाली" असं वाटणारच.

आणि सगळा अभ्यास लागतो हेच तर मजेचं आहे. पंचवीसहून जास्त पिक्चरची एकच गोष्ट सलग सांगितलीय हो त्यांनी. मध्येच घुसलेल्या माणसासाठी दर वेळी पहिल्यापासून सांगत बसायचं का?

गिरणाथडी | ९ मे, ८:२०

भुसावळकरांशी सहमत, आणि जरा पुढे जाऊन सांगतो. आमच्या गावात रात्रभर वहीगायन चालायचं. डफ वाजायचा आणि थेट मधूनच प्रसंग सुरू. सीता कोण, रावण कोण हे कोणी सांगत नव्हतं. ऐकणार्‍याला ठाऊक आहे हे धरूनच गाणारा गातो. मार्वलवाले दुसरं काय करतात? त्यांची पुराणं, त्यांचे श्रोते.

बोरीकाठ | ९ मे, ९:०५

@भुसावळ: तो तुकडा जागेपणी पाहिला. पुतण्याने दोनदा दाखवला.

@गिरणाथडी: मुद्दा बिनतोड वाटला आणि जिनिंगमध्ये बसून पाऊण तास त्याच्यावरच डोकं चाललं. पण रामायण मला कोणी मोबाइलवर महिन्याचे पैसे भरून पाहायला लावलं नव्हतं. ते आजीच्या मांडीवर, पारावर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपोआप आलं. आणि कीर्तनात तरी पूर्वरंगात मागची गोष्ट सांगून मगच पुढे जातात ना?

गिरणाथडी | ९ मे, ९:१८

नाही. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण असतं. गोष्ट, म्हणजे आख्यान, उत्तररंगात. तुम्ही म्हणता ती "मागील भागात आपण पाहिलं" ही दूरदर्शनची सवय आहे.

बोरीकाठ | ९ मे, ९:२१

कान पकडला.

पुण्यातला धुळेकर | ९ मे, १०:४०

गंमत सांगू का? सॅम राइमीने स्वतःच मुलाखतीत सांगितलंय की त्याने वांडाव्हिजन अख्खं पाहिलेलं नाही, आपल्या कथेला लागतात ते महत्त्वाचे तुकडे तेवढे पाहिले. दिग्दर्शकच शिकवणी बुडवून परीक्षेला बसला आणि आपण बिचारे नऊ भाग पाहतोय.

शिवाय हा पिक्चर मुळात स्पायडरमॅनच्या आधी यायचा होता. पहिल्या भागाचा दिग्दर्शक स्कॉट डेरिक्सन २०२०च्या जानेवारीत मतभेदामुळे बाहेर पडला. मग राइमी आला, नवा लेखक आला, मग कोरोना, मग तारखा पुढे पुढे. दोन पिक्चरचा क्रमच उलटा झाला. म्हणजे स्पायडरमॅनमध्ये स्ट्रेंज विश्वांची उलथापालथ करून बसलाय आणि इथे त्याबद्दल जेमतेम एखादं वाक्य. सुनेच्या आधी नातू आल्यासारखं झालंय. घोळ असणारच.

वांग्याचं भरीत | ९ मे, १०:५५

सुनेच्या आधी नातू

चोपड्याचा जुना | ९ मे, दुपारी १:३०

राइमीवर कोणी बोललं म्हणून लॉगिन झालो. नाहीतर नुसता वाचत असतो.

आमच्याकडे चोपड्याला व्हिडिओ पार्लर होतं तेव्हाची गोष्ट. खोली दहा बाय बाराची, खिडकीला गोणपाट, एक टीव्ही आणि खाली सतरंजी. तिथे राइमीचा एव्हिल डेड पाहिला. पिक्चर १९८१चा, आमच्याकडे कॅसेट बरीच वर्षं फिरून आलेली, चित्राला मुंग्या आलेल्या. रात्री घरी एकटा जाऊ शकलो नाही, मित्राकडे झोपलो. जंगलातून जमिनीला घासत, झाडांमधून सुसाट येणारा तो कॅमेरा. कोणीच दिसत नाही, फक्त येतंय. ते त्याने किरकोळ पैशात, मित्र गोळा करून केलं होतं.

आता या पिक्चरमध्ये पिझ्झावाल्याचा हात त्यालाच थोबाडतो ना, तो नट ब्रूस कॅम्पबेल. एव्हिल डेडचा हीरो. १९८७च्या दुसर्‍या भागात त्याचा स्वतःचा हात भूतबाधा होऊन त्याला असाच मारतो, शेवटी तो करवतीने हात कापून टाकतो. बोरीकाठ, तुम्ही पायरीवर उभे राहून तेच बघत होतात. "एवढ्यासाठी थांबलो" म्हणालात, वाईट वाटलं. मी तिथे टाळी वाजवली, आजूबाजूचे माझ्याकडे बघत होते.

आणि थडग्यातून येणारा हातही त्याचाच जुना. तुम्हाला मार्वलचा अभ्यास करून जावं लागलं, मी चाळीस वर्षांपूर्वीचा जुना अभ्यास घेऊन गेलो आणि पैसे वसूल झाले.

बोरीकाठ | ९ मे, १:४८

हे माहीतच नव्हतं. म्हणजे माझा अभ्यास झाला तोही चुकीच्या विषयाचा.

दोन लेकरांची आई | ९ मे, २:१५

माझा सहा वर्षांचा मुलगा इंटरव्हलला बाहेर आला तो परत आत गेलाच नाही. सुपरहीरोचा म्हणून नेला. ते डोकं फुटण्याचं कोणी सांगितलं असतं तर नेला नसता. प्रमाणपत्रावर यूए असतं, त्याचा अर्थ आपल्याकडे "चालतंय, न्या" असाच घेतात, त्यात माझीही चूक. मिस्टर आत, मी आणि मुलगा बाहेर पॉपकॉर्न खात. पॉपकॉर्नच्या पैशात घरी अख्खी पंगत उठली असती.

पण मला ते शेवटचं पाहायचं होतं. वांडाचं. रात्री मिस्टरांनी सांगितलं तर म्हणे, "पोरं घाबरतात, मग ती रडते, मग डोंगर पडतो." बस्स. बोरीकाठ यांनी लिहिलेलं वाचून जास्त कळलं.

आणि कोणाच्या लक्षात आलं का, काल मदर्स डे होता.

केळीचा घड | ९ मे, २:४०

आमच्या रावेरला मदर्स डे म्हणजे त्या दिवशी आई शेतात आणि आम्ही स्टेटसला.

गिरणाथडी | ९ मे, ३:०२

विषयांतर होतंय तर मीही करतो. २००७च्या मे महिन्यात राइमीचाच स्पायडरमॅन ३ आपल्याकडे लागला, तेव्हा हिंदी, तमिळ, तेलुगूबरोबर भोजपुरीतही डब केला होता. हा स्ट्रेंजही चार दाक्षिणात्य भाषांत आलाय. मराठीत नाही. अहिराणी तर सोडाच. का?

पुण्यातला धुळेकर | ९ मे, ३:२०

कारण आपण हिंदीत पाहतो आणि तक्रार करत नाही. सरळ हिशेब आहे, त्यात कट नाही काही.

पण कल्पना करा. स्ट्रेंज अहिराणीत. "ओ बैन, माले दार उघाडी दे."

मिरची नंदुरबारी | ९ मे, ३:२४

आन वांडा: "मना आंडोर कथा शेतस?" मी तं पयला दिनलेच जासू.

मोसमकाठ | ९ मे, सायंकाळी ६:१०

अहिराणीचं नंतर बघू, पण सुपरहीरोचं म्हणाल तर आमच्या मालेगावने तो कधीच उडवून दाखवलाय. फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट पाहिला नसेल तर हा धागा बंद करा आणि तो बघा. नासिर शेख आणि त्याची टोळी, आधी मालेगावचा शोले काढणारी. मागावर काम करणारा काडी पैलवान शफीक सुपरमॅन, आणि त्याला उडवायला हिरवा पडदा. कॅमेरा एक, तोही पाण्यात पडतो! ते बघताना मी हसलो आणि त्याच वेळी पोटात कालवलं, कारण दुसरा कॅमेरा आणायला पैसे कुठून येणार हे पडद्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तिथे उडायला माणसाला कारण होतं. बारा तास मागाच्या खडखडाटात उभं राहायचं आणि शुक्रवारी पिक्चर. बोरीकाठ म्हणतात तसे पाहुणे तिथेही होते, पण गल्लीतले.

भुसावळ जंक्शन | ९ मे, ६:३०

सगळं मान्य, पण मालेगाव नाशिक जिल्ह्यात. खान्देशात नाही.

मोसमकाठ | ९ मे, ६:३३

झालं सुरू.

गिरणाथडी | ९ मे, ६:५०

मालेगाव, बागलाण पूर्वी खान्देशातच मोजत. १८६९ला नाशिक जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेले. राहिलेल्या खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे १९०६ला. बोली विचाराल तर सटाण्याकडे अजून आपली बोली ऐकू येते. जिल्हा कागदावर असतो.

भुसावळ जंक्शन | ९ मे, ६:५८

कागदावरच मनीऑर्डर येते भाऊ.

संपादक | ९ मे, ७:१५

मालेगाव कुठे यावर आधीच तीन धागे आहेत. इथे पिक्चरवर बोला.

भुसावळ जंक्शन | ९ मे, ७:४०

बरं, पिक्चरवर. मला एक कबूल करायचंय. बोरीकाठ यांनी लिहिलेली ती आया-पोरांची गोष्ट वाचून काल रात्री डोक्यात भुंगा लागला. आज संध्याकाळचा खेळ परत पाहणारच होतो, मित्रांनी तिकीट काढलंय. त्या दोघी एकत्र किती वेळ आहेत ते बघून सांगतो.

भुसावळ जंक्शन | १० मे, रात्री १२:४५

पाहून आलो. बाजू थोडी घेतो. शेवटी पोरगी वांडाला हरवत नाही, तिच्यासाठी दार उघडते आणि तिला तिच्या पोरांसमोर उभी करते. म्हणजे ती वांडाला ओळखते, काय हवंय ते तिला कळलंय. तोच त्यांचा संवाद म्हणायचा. पण त्या पोरीला स्वतःला काय वाटत असेल, दुसर्‍याच्या घरात आई आणि मुलं एकत्र बघून, यावर कॅमेरा थांबत नाही. मी मुद्दाम तिच्याच चेहर्‍याकडे बघत होतो. लगेच पुढचा प्रसंग येतो. तेवढं तुमचं खरं.

शेवयांना या वेळी मलाही हसू आलं. मित्र म्हणे, काय झालं रे? काय सांगणार.

बोरीकाठ | १० मे, सकाळी ८:३०

दार उघडण्याचं मी नीट पकडलं नव्हतं. ही बाजू चांगली मांडलीत. फुईला वाचून दाखवलं. ती काल परत जाणार होती, पण उन्हाचं कारण काढून मुक्काम वाढवलाय. माझ्या मते दुसरा पिक्चर बघायचाय तिला. एसटीचा संप आत्ताच कुठे मिटलाय, गाड्यांचा भरवसा नाही, हे दुसरं कारण.

पुतण्याचं मत विचारलं होतं कोणीतरी (आता दिसत नाही तो प्रतिसाद). त्याला पिक्चर आवडला, रीडला मारलं म्हणून आवडला नाही, आणि पुढचा कधी येणार हे त्याने वहीच्या मागे लिहून ठेवलंय.

चोपड्याचा जुना | १० मे, ९:१५

फुईला एव्हिल डेड दाखवू नका फक्त.

---

मोसमकाठ | २ मार्च २०२५, रात्री १०:२०

धागा वर काढतोय, माफ करा. परवा, २८ फेब्रुवारीला, नासिर शेख आणि मंडळींच्या गोष्टीवरचा रीमा कागतींचा पिक्चर लागला, सुपरबॉइज ऑफ मालेगाव. आज बघून आलो. शफीकचा भाग आला तेव्हा थेटरात माझ्या शेजारचा म्हातारा चष्मा पुसत होता. शफीक कर्करोगाने गेला, हे माझ्या मागच्या प्रतिसादात लिहायचं राहिलं होतं. ते लिहावं म्हणून आलो आणि मग अख्खा धागा परत वाचून काढला.

बोरीकाठ, आहात का? फुई कशा आहेत?

बोरीकाठ | ३ मार्च २०२५, सकाळी ७:०५

आहे, आहे. पुतण्या आता अकरावीत, पुण्याला. मार्वलचं नाव काढलं की म्हणतो, काका, ते लहानपणीचं.

फुईचे गुडघे गेलेत, गेल्या आखाजीला आली नाही. आम्हीच शिंदखेड्याला पुरणपोळ्या घेऊन गेलो. यंदा ३० एप्रिलला आहे, येते म्हणालीय. काल फोनवर तुमचा हा पिक्चर सांगितला, म्हटलं मालेगावचाच आहे, दाखवतो. "बरं," म्हणाली. मग थोडं थांबून तेच विचारलं, त्या पोरनी माय सापडनी का.

सांगितलं, अजून नाही.

मिरची नंदुरबारी | ३ मार्च २०२५, ७:४०

तिन वरीस व्हयनात भो. आते तरी सापडाले जोयजे व्हती.